कानापासून घोट्यापर्यंत

खरात काका खुर्चीला कधी पाठ टेकत नसत. बसायचे ते खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात, हात मांड्यांवर, आणि मान अशी की डोक्यावर भरलेला तांब्या ठेवला तरी पाणी हिंदकळू नये. आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत नवीन राहायला आलेल्यांना ते निवृत्त फौजदार वाटायचे. खरं तर ते फोटोग्राफर होते. स्टेशनच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाला लागून त्यांचा स्टुडिओ होता आणि आमच्या भागातल्या दोन पिढ्यांचे पासपोर्ट साइझ फोटो त्यांनी काढले होते.

माझाही काढला होता. बँकेच्या परीक्षेसाठी हवा होता. मी स्टुलावर बसले, ते कॅमेऱ्यामागून पुढे आले, दोन बोटं माझ्या हनुवटीखाली लावली न लावली अशी धरली आणि म्हणाले, "मान वर. खांदे मागे. नोकरी मागायला चाललीस, माफी मागायला नाही." त्या फोटोत मी जरा उर्मट दिसते. नोकरी मात्र लागली.

फोटो न्यायला गेले त्या दिवशी आत एक बाई बसली होती. घरकाम करणारी असावी, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला. तिला रेशनकार्डासाठी फोटो हवा होता. काका कॅमेऱ्यामागे गेले की तिची मान खाली जायची. "वर बघा ताई" म्हटलं की क्षणभर वर, की पुन्हा खाली. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती. काकांनी कॅमेरा सोडला आणि तिच्यासमोर दुसरं स्टूल घेऊन बसले.

"कुणाला घाबरता?"

"कुनाला न्हाई. पर सवयच न्हाई हो वर बघायची."

"मग माझ्याकडे नका बघू. त्या काचेकडे बघा. ती काच कुणाची मालकीण नाही."

बाईला हसू आलं. तिचं हसू ओसरेपर्यंत काका कॅमेऱ्यामागे थांबले आणि मग त्यांनी फोटो काढला. "पासपोर्ट साइझमध्ये हसायचं नसतं," ते नंतर मला म्हणाले, "पण नुकता हसून झालेला चेहरा चालतो."

हे ताठ बसण्याचं वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. सोसायटीच्या आवारातल्या बाकावर आम्ही बसलो होतो आणि मी गमतीत विचारलं होतं, "काका, अवघडत नाही का हो असं बसून?" मग म्हणाले, "माझ्या बापाचा एकही फोटो नाही माझ्याकडे. आम्ही जालन्याकडचे. गावात आमच्या लोकांनी कुणाच्या दारात उभं राहायचं तर खाली बघून उभं राहायचं, अशी रीत होती. तुला सांगतो, बापाचा चेहरा आठवायला गेलो तर मला त्याची टाळूच आठवते. लहान होतो ना, त्याच्या खांद्यावर बसायचो, आणि तो सदा खाली बघायचा." पुढे म्हणाले, "मुंबईत आलो, विहारात गेलो. भिंतीवरच्या तसबिरीतली ती मान बघितली आणि म्हटलं, आपल्याला एवढं जमलं तरी पुष्कळ."

म्हणून ते तसे बसायचे. मी पुन्हा कधी त्यावरून थट्टा केली नाही.

शालिनी काकू त्यांच्या अगदी उलट. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, मिश्कील बाई. स्टुडिओच्या मागच्या खोलीत टेबलाशी बसून ती वर्षानुवर्षं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायची. लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग, देवीचे वण, डोळ्याखालची काळी वर्तुळं तिने पुसली. नंतर कॉम्प्युटर आला तेव्हा तेच काम माउसने केलं. काका बाहेर लोकांच्या माना वर करायचे आणि काकू आत मान खाली घालून ते चेहरे नीट करायची. तिच्या पाठीला तेव्हापासूनच बाक होता. "तुमच्या काकांचा धंदा माझ्या पाठीवर उभा आहे," असं ती म्हणायची, तेही हसत. काकांना ते आवडत नसे. म्हणजे बोलणं नव्हे, तो बाक.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि लोकांना स्टुडिओची गरज उरली नाही. काकांनी शटर खाली ओढलं, कॅमेरे कपाटात ठेवले आणि वर्षभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. फोनचं नाव काढलं तरी तोंड फिरवायचे.

त्यांची मुलगी स्मिता नाशिकला असते. तिने त्यांच्यासाठी फोन आणला, आणि त्याच्याबरोबर सदऱ्याच्या मोठ्या बटणाएवढं एक यंत्र. ते मानेखाली कपड्याला लावायचं. माणूस वाकला की ते पाठीवर थरथरायचं आणि फोनवर त्याची नोंद व्हायची. शिवाय ॲपमध्ये एक सोय होती: एका बाजूने उभ्या माणसाचा फोटो काढला की फोन आपणहून कानापासून खांदा, कंबर, गुडघा, घोटा अशी रेघ ओढायचा. रेघ सरळ असली तर हिरवी, वाकडी असली तर लाल. खाली व्यायाम दाखवायचा: भिंतीला पाठ लावून उभं राहा, हनुवटी आत घ्या, खांद्यांची पाती जवळ आणा. म्हाताऱ्या माणसांसाठीच केलेलं ॲप होतं ते.

काकांनी पहिल्या दिवशी स्वतःचा फोटो काढून घेतला. रेघ हिरवी आली. दुसऱ्या दिवशी ते सोसायटीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या दारात हजर.

सकाळी गच्चीवर वर्ग सुरू झाला. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला पाठ लावून सगळे रांगेत उभे राहायचे, समोर लांबवर मिठागरं आणि खाडीकडचं धुकं. ॲप इंग्रजीत बोलायचं, म्हणून काका त्याचा आवाज बंद करून स्वतः मराठीत बोलायचे. आमची आई सावंतवाडीकडची, तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "ह्यो फोन आता माका शिकवतलो? माझी सासू पण इतकी टोचत नव्हती मेली!" पण ती जात राहिली. आईची मान किती पुढे आली होती हे आम्हाला घरात रोज बघून कळलंच नव्हतं. फोटोत दिसलं आणि ती चपापली. पुढच्या काही महिन्यांत तिच्यात खरंच फरक पडला. वाळत घालायच्या दोरीकडे बघताना तिला चक्कर यायची, ती थांबली. चालताना ती पायांऐवजी समोर बघायला लागली. एक दिवस खालून आली आणि म्हणाली, "अगो, समोरच्या इमारतीला रंग दिलानी, कधी गो?" रंग देऊन दोन वर्षं होऊन गेली होती.

काकांना स्टुडिओ परत मिळाल्यासारखं झालं होतं. दर रविवारी टाकीच्या भिंतीपुढे एकेकाला बाजूने उभं करून ते फोटो काढायचे. तेच अंतर, तोच उजेड. आधीच्या रविवारचा फोटो शेजारी ठेवून दाखवायचे. "बघा नाईक, तुमचा खांदा आला मागे. झकास!" नाईक लाजायचे.

एक रेघ फक्त हिरवी होत नव्हती. ती शालिनी काकूची.

काकूने ते थरथरणारं यंत्र पहिल्यापासून मनावर घेतलं नव्हतं. एका सकाळी काका गच्चीवर सगळ्यांना फोन दाखवत सांगत होते, "आमच्या हिने पण मनावर घेतलं. सकाळपासून एकदाही वाकली नाही, हे बघा." तेवढ्यात काकू जिना चढून आली, कमरेवर हात, वाकलेली. यंत्र तिच्या अंगावर नव्हतंच. तिने ते हँगरवरच्या काकांच्या सदऱ्याला लावून ठेवलं होतं. गच्चीवर असे हसले सगळे! आईने तर टाळी दिली तिला. काका मात्र हसले नाहीत. "लोकांच्या बायका सरळ झाल्या," ते म्हणाले. एवढंच. पण काकूचा चेहरा उतरला.

खाली येताना जिन्यात मी तिचा हात धरला. ती प्रत्येक पायरीवर थांबत होती.

"काकू, त्रास होतो का?"

"अगं, सरळ व्हायला गेले की आत कळ येते. अशी... हाडात. आधी नव्हती."

"काकांना सांगितलंत?"

"सांगितलं ना. म्हणतात, सवय मोडताना दुखतंच."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि काकांना म्हटलं, काकूंना एकदा डॉक्टरला दाखवू या, मी सुट्टी घेते. त्यांनी माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. "तुझ्या आईला पहिला महिना दुखलं होतं की नाही? मग? आज बघ तिला. हिला कंटाळा आहे, दुसरं काही नाही. पन्नास वर्षं टेबलावर वाकून बसली. आता पण वाकूनच बसायचं? म्हातारपणी तरी माणसानं मान वर करून जगावं." बोलताना त्यांचा आवाज चढला होता. काकू स्वयंपाकघराच्या दारातून मला डोळ्यांनी खुणावत होती, जाऊ दे.

त्यांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणेल तर मी ऐकून घेणार नाही. तिच्या भाकरीशिवाय त्यांचं पोट भरत नसे. ती विहारात निघाली की तिच्या पांढऱ्या साडीला ते स्वतः इस्त्री करायचे. पण ती वाकलेली दिसली की त्यांच्या आत काहीतरी बिथरायचं. मला वाटतं, तेव्हा त्यांना समोर काकू दिसत नसे, गावातलं कुणीतरी दिसत असे.

व्यायाम वाढले. सकाळी गच्चीवर आणि संध्याकाळी घरात, भिंतीला पाठ लावून. रविवारचे फोटो चालूच होते. काकूची रेघ दर वेळी आणखी लाल येत होती आणि काका आणखी हट्टाला पेटत होते. नंतर नंतर ती गच्चीवर हसायचीही बंद झाली. फोटोपुरती भिंतीपुढे उभी राहायची, ओठ मिटून, फोटो झाला की टाकीच्या कठड्याला धरून खाली बसायची.

पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी ती ओट्यापाशी उभी राहून खोकली आणि जागीच कोसळली. पाय घसरला नव्हता, काही उचललं नव्हतं, नुसती खोकली होती. तिचा आवाज आमच्या घरापर्यंत आला.

हॉस्पिटलात मी आणि काका होतो, स्मिता नाशिकहून निघाली होती. हाडांच्या डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाल्या, "मणके खचलेत. आजचा एक, पण त्याच्याआधीचे पण आहेत. हाडं फार ठिसूळ झालीयेत. अशा हाडांना पडावं लागत नाही, खोकला पुरतो. ह्या कधीपासून वाकायला लागल्या?"

काकांनी लगेच फोन पुढे केला. आपण मदत करतोय, असा त्यांचा उत्साह होता. "माझ्याकडे सगळं आहे मॅडम. दर रविवारी, त्याच भिंतीपुढे."

डॉक्टर बोटाने फोटो सरकवत गेल्या. एके ठिकाणी थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"इथे बघा," त्या म्हणाल्या. "ह्या दोन फोटोंच्या मधे पहिला खचला असणार. भिंतीवरचा तो पाइप बघा, इथे हनुवटीजवळ आहे, इथे ओठांजवळ. बाईंची उंचीच कमी झालीये. हे सवयीचं वाकणं नाही. आणि इथे दुसरा." मग त्यांनी वर बघितलं. "तेव्हा दुखत होतं का त्यांना? काही बोलल्या होत्या?"

"हो," काका म्हणाले.

"मग?"

फोन परत घ्यायला काकांनी हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

डॉक्टर काही रागावल्या नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं, की ॲप वाईट नाही, स्नायूंसाठी चांगलंच आहे, पुष्कळ पेशंटना त्या स्वतः सांगतात. पण ते बाहेरून रेघ ओढतं, हाडाच्या आत बघत नाही. पहिल्या कळेला आणलं असतं तर औषधं सुरू करता आली असती, पट्टा देता आला असता. काका मान हलवत ऐकत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" मी सगळं परत सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

काकू घरी आली ती अंथरुणालाच खिळली. काकांनी बाई ठेवू दिली नाही. अंग पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं स्वतः करायचे, आणि वळवताना दर वेळी विचारायचे, "दुखतंय?" ती नाही म्हणाली तरी थांबायचे. मी एकदा गेले तेव्हा तिची जुनी लहर परत आली होती.

"अहो, आता काढा की माझा फोटो," ती म्हणाली.

"नको."

"काढा हो. आता कुठे वाकतेय मी? पाठ टेकूनच तर पडलेय."

ती हसायला लागली आणि हसता हसता कळवळली. काका उठून आतल्या खोलीत गेले. ते गेल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"त्यांना कुणी काही बोलू नका हं. तू पण नको, तुझ्या आईला पण सांग. गावी माझ्या आयाबाया कशा राहिल्या, मला माहीत आहे. ह्या माणसानं मला अख्ख्या जन्मात कुणापुढे मान खाली घालू दिली नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढे तिच्या छातीत कफ झाला. पाठ इतकी खचली होती की फुप्फुसांना फुलायला जागाच राहिली नव्हती. दिवाळीच्या आधी ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पुढे ठेवायला तिचा फोटो हवा होता. स्मिताने बाबांचा फोन चाळला. आईचे इतके फोटो होते त्यात, पण सगळे बाजूने काढलेले. समोरून एकही नाही. तिने कपाटातून एक जुना फोटो शोधून काढला, काकू ऐन तारुण्यातली, वेणीत गजरा. काका म्हणाले, "तो नको." आणि त्यांनी कुठून तरी मोठा करून आणलेला फोटो टेबलावर ठेवला. टाकीची भिंत, आणि तिच्यापुढे बाजूने उभी काकू, वाकलेली, ओठ मिटलेले. रेघ तेवढी काढून टाकली होती.

"बाबा, हा नको ना," स्मिता रडायला लागली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तिला दुखतंय हे ह्यात दिसतंय. मी बघत होतो, मला दिसलं नाही."

मेणबत्त्या लागल्या, भन्ते आले, पांढऱ्या कपड्यांतली माणसं हात जोडून बसली. येणारा प्रत्येक जण त्या फोटोपुढे फूल ठेवताना क्षणभर अडखळत होता. काका शेवटपर्यंत उभे होते.

गच्चीवरचा वर्ग बंद पडला. नाईक आणि आणखी दोघं त्यांना बोलवायला गेले तर ते दारातूनच म्हणाले, "मी आता कुणाला काही सांगणार नाही." आमची आई मात्र स्वतःच्या फोनवर व्यायाम करत राहिली. मी तिला विचारलं होतं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, "माका बरा वाटता गो. आणि ती रोज माझ्या बाजूक उभी ऱ्हायची. सोडूक नको वाटता." डॉक्टरांकडे नेऊन मी तिची हाडं तपासून घेतली होती.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी आईच्या पाठीत उसण भरली. बादली उचलताना लचकली, एवढंच. मी तेल गरम करत होते. शेजारणीने खाली जाऊन कुणाला तरी सांगितलं असावं, कारण थोड्याच वेळात आमच्या दारावर थापा पडल्या. खरात काका अनवाणी उभे होते, बनियन आणि लुंगीवर, जिना चढून धापा टाकत. त्यांना असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"कुठे दुखतं?" ते आईजवळ जमिनीवरच बसले. "कधीपासून? हाडात दुखतं का? खोकला आलाय का?"

"अहो खरातभाऊ, उसण आसा ती..."

"नाही. चला. आत्ता चला."

आईने माझ्याकडे बघितलं आणि निमूट चप्पल घातली.

एक्स-रे काढला. हाडं शाबूत होती. काकांनी डॉक्टरांना विचारलं, "नक्की?" डॉक्टर बाई त्यांना ओळखून होत्या. त्यांनी एक्स-रे परत उजेडावर लावला आणि एकेका मणक्यावर बोट ठेवून दाखवलं. "नक्की, काका." मग ते बाहेर गेले. मला वाटलं, पाणी प्यायला गेले.

पुढच्याच आठवड्यात मी ऑफिसच्या कामाने नागपूरला गेले आणि परत आले तोवर स्मिता त्यांना कायमचं नाशिकला घेऊन गेली होती. घराला कुलूप होतं. काका तिकडेच वारले. त्यामुळे मला ते दिसतात ते त्या दुपारचे.

आईला रिक्षात बसवून मी त्यांना बोलवायला परत आत गेले. एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर ते बसले होते. आतली मावशी दार उघडून नाव पुकारायची. एका पाटीलबाईंचं नाव आलं. काका अर्धे उठले. कोपऱ्यातून एक म्हातारी सुनेचा हात धरून आत गेली, दार लागलं, काका बसले. मग कुणा शेखबींचं नाव आलं. काका पुन्हा उठले, त्या आत जाईपर्यंत उभे राहिले, पुन्हा बसले.

"काका, चला, रिक्षा थांबलीये."

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. दार पुन्हा उघडत होतं.